लॅव्हेंडर राहू द्या, करडईची पाकळी बघा

आज आपण फुलांच्या स्वयंपाकाबद्दल बोलू या.

मोबाईलवर हल्ली जांभळ्या फुलांचे व्हिडिओ फार फिरतात. लॅव्हेंडरचा चहा, लॅव्हेंडरची बिस्किटं, लॅव्हेंडरची साखर. ते बघून गटांच्या बैठकीत आम्हाला विचारलं जातं, ''ताई, ही फुलं आपल्याकडं येतील का? रोपं मागवावीत का? गटाला यातून काही धंदा होईल का?'' प्रश्न रास्त आहे. बचतीचा पैसा घालायचा तर आधी नीट विचारलेलंच बरं. म्हणून पहिल्यांदा लॅव्हेंडर म्हणजे काय ते सांगतो, आणि मग आपल्याच शिवारातल्या फुलांकडं वळतो.

लॅव्हेंडर कुठलं, कशाचं

लॅव्हेंडर हे आपल्या तुळशीच्या आणि पुदिन्याच्या कुळातलं झुडूप आहे. तुळशीला जशी मंजिरी येते, तशीच याला जांभळ्या फुलांची मंजिरी येते. मूळचं ते भूमध्य समुद्राच्या काठचं. फ्रान्समध्ये त्याची शेतंच्या शेतं आहेत. आपल्या देशात ते जम्मू भागात, डोडा जिल्ह्यातल्या भदरवाहच्या डोंगरात पिकतं. तिथल्या शेतकऱ्यांनी मक्याच्या जागी लॅव्हेंडर लावलं, सरकारी प्रयोगशाळेनं रोपं आणि तेल काढायची यंत्रं दिली, आणि त्या बदलाला 'जांभळी क्रांती' असं नाव पडलं.

पण भदरवाह हा थंड डोंगराळ मुलूख. हिवाळ्यात तिथं बर्फ पडतो. लॅव्हेंडरला थंडी लागते आणि पाणी झटकन निचरणारी जमीन लागते. आपली मुखेड, कंधार, देगलूरकडची काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. अशा जागी त्याच्या मुळ्या कुजतात, आणि जगलं तरी फुलं धड येत नाहीत. दारातल्या कुंडीत हौस म्हणून एखादं रोप लावायला हरकत नाही. गटाचा पैसा घालून शेती करायचं मात्र हे पीक आपलं नव्हे.

स्वयंपाकात त्याचा उपयोग वासापुरता. वाळलेल्या कळ्या चिमूटभर घालतात. जास्त पडल्या तर पदार्थाला साबणासारखी चव येते. बाजारात लॅव्हेंडरच्या तेलाच्या लहान बाटल्या मिळतात. ते तेल वासासाठी असतं. ते चहात किंवा पिठात कधीच घालू नका.

एक गंमत सांगतो. लॅव्हेंडरच्या वासात जो मुख्य घटक आहे, त्याला लिनालूल म्हणतात. हाच घटक आपल्या धन्याच्या तेलातही सगळ्यात जास्त असतो. म्हणजे धने भाजताना घरभर जो दरवळ सुटतो, त्यात लॅव्हेंडरचा भाऊबंद आहेच!

आपल्या शिवारातलं फूल

आता आपल्या फुलाकडं येऊ. रब्बीत ज्वारीच्या आणि हरभऱ्याच्या कडेनं करडईच्या ओळी असतात. काट्यांमुळं जनावरं आत शिरत नाहीत म्हणून आपण ती कडेला लावत आलो. कोवळ्या पानांची मूगडाळ घालून भाजी करतो आणि दाण्याचं तेल काढतो. पण फुलाकडं कुणी बघत नाही. ते सुकतं, वाऱ्यानं उडून जातं.

याच फुलाला संस्कृतात कुसुंभ म्हणतात. आपण लुगड्याचा रंग 'कुसुंबी' म्हणतो ना, तो शब्द या फुलावरून आला. रासायनिक रंग येण्याआधी करडईच्या पाकळ्यांनी कापड रंगवत असत. पाकळीत दोन रंग असतात. एक पिवळा, तो पाण्यात लगेच उतरतो. दुसरा लाल, तो साध्या पाण्यात सहज सुटत नाही. स्वयंपाकात आपल्याला कामाला येतो तो पिवळा.

सातारा जिल्ह्यात फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, 1968 साली सुरू झालेली. तिथं करडईवर बरीच वर्षं काम झालं. पाकळ्यांचा चहा कसा करायचा हे त्यांनी पुढं आणलं. पाठीवर अडकवून पाकळ्या ओढून घेणारं यंत्रही तिथं तयार केलं. आपल्या परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठही करडईवर संशोधन करतं आणि वाण काढतं. फलटणचा नारी-6 आणि परभणीचा पीबीएनएस-40 हे वाण बिनकाट्याचे आहेत. पाकळ्या वेचायचा विचार असेल तर असा वाण पेरलेला बरा, नाहीतर हात ओरबाडून निघतात.

पाकळी कधी काढायची

करडई आपण सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतो. डिसेंबरअखेर, जानेवारीत ती फुलावर येते. फूल नुकतं उमललं की पिवळं असतं, जुनं होत गेलं की नारिंगी आणि मग लालसर होतं. ताजं पिवळं फूल ओढू नका. ते पूर्ण उमलून, दाणा धरून, पाकळ्या सुकायला लागल्या आणि लालसर झाल्या की मगच काढा. त्या वेळी पाकळी हलक्या हातानं ओढली तरी सुटून येते आणि दाण्याचं नुकसान होत नाही. दाणेही मिळतात, पाकळीही मिळते.

काट्याची करडई असेल तर सकाळी लवकर वेचा. दवानं काटे नरम असतात. करडई काढायलाही आपण पहाटेच जातो, ते याच कारणानं. हातमोजे किंवा जुनी जाड कापडी पिशवी हाताला गुंडाळा, लांब बाह्यांचा सदरा घाला.

वेचलेल्या पाकळ्या ओलसर असतात, तशाच पिशवीत ठेवल्या तर बुरशी धरते. घरी आल्या आल्या स्वच्छ सुती कापडावर पातळ पसरा. सावलीत, वारा लागेल तिथं वाळवा. उन्हात रंग उडतो. हातात चुरगळल्यावर चुरा झाला की वाळल्या समजा. मग सुपात घेऊन किडे, काड्या, काटे निवडा आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा. बरणी अंधारात ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. करडईवर मावा पडतो, आणि तो नेमका थंडीत, ढगाळ दिवसांत, फुलोऱ्याच्या आसपास पडतो. मग आपण औषध फवारतो. दाणा टरफलाच्या आत असतो, पण पाकळी उघडी असते. औषध थेट तिच्यावर बसतं. पाकळी आपण धुतही नाही, तशीच वाळवून उकळत्या पाण्यात टाकतो. म्हणून ज्या शेतात रासायनिक फवारणी झाली, तिथली पाकळी खायला घ्यायची नाही. पंधरा दिवस झाले, पाऊस पडला, असल्या सबबी नकोत. पाकळी घ्यायची तर आधीपासून ठरवून एखादा पट्टा बिनफवारणीचा ठेवा. पेरणी वेळेवर करा म्हणजे मावा कमी पडतो. लागलंच तर निंबोळी अर्क वापरा. शेजारच्या शेतातला फवारा वाऱ्यानं येत असेल तर बांधालगतच्या ओळी सोडून द्या. घरात फवारणी कोण करतं आणि कधी करतं, ते त्या माणसाला विचारून घ्या, अंदाजानं चालू नका.

स्वयंपाकात कशी वापरायची

चहा: एक कप पाणी उकळा. हवं तर आल्याचा तुकडा टाका. गॅस बंद करून चिमूटभर पाकळ्या टाका, तीन-चार मिनिटं झाकून ठेवा. गाळून गूळ आणि दोन थेंब लिंबू घाला. दूध घालू नका, फाटतं. चव फार नसते, थोडी गवतासारखी लागते. रंग मात्र छान सोनेरी येतो. कपात पाकळ्या जास्त टाकल्या तर कडवटपणा येतो.

पिवळा भात: दोन चिमटी पाकळ्या अर्धी वाटी गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवा. पाणी गाळून शिजत्या भातात घाला. हळदीचा वास नको असेल तेव्हा हा रंग उपयोगी पडतो.

शिरा आणि खीर: शिऱ्याला जे पाणी घालतो, त्यातच पाकळ्या भिजवून गाळून घ्या. सणासुदीला बाजारातला पिवळा रंग आणायची गरज उरत नाही.

एवढाच उपयोग. रंग येतो, केशराचा सुगंध येत नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचा मुद्दा त्यातूनच निघतो.

कुणी घ्यायची नाही

मैत्रिणींनो, हा भाग नीट ऐका आणि घरात सांगा. करडईची पाकळी ही नुसता रंग नाही. चीनमध्ये जुन्या काळापासून ती औषध म्हणून वापरतात, रक्त वाहतं करायला आणि अडलेली पाळी आणायला. याचा अर्थ सरळ आहे. गरोदर बाईनं करडईच्या पाकळ्यांचा चहा घ्यायचा नाही. पाळी चुकली असेल, दिवस गेलेत की नाही हे अजून कळलं नसेल, तिनंही घ्यायचा नाही. मूल व्हावं म्हणून प्रयत्न चालू असतील तिनंही लांब राहावं. आपल्याकडं सुनेला दिवस गेलेत हे घरात पहिले दोन महिने कुणाला सांगतही नाहीत. म्हणून पाहुणीला हा चहा पुढं करताना तिला आधी सांगा की हा करडईच्या फुलाचा आहे, काय असेल ते तिचं ती ठरवेल. तिला विचारून अवघडवू नका, फक्त सांगा.

ज्यांना पाळीत अंगावरून फार जातं, ज्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, ज्यांचं ऑपरेशन ठरलं आहे, त्यांनीही घेऊ नये. बाळाला अंगावर पाजणाऱ्या बाईनंही हा चहा टाळावा. झेंडू, शेवंती, सूर्यफूल यांच्या परागानं ज्यांना शिंका येतात किंवा अंगावर गांधी उठतात, त्यांनाही त्रास होऊ शकतो, कारण करडई त्याच कुळातली.

आणि पाळी आणायला म्हणून पाकळ्यांचा काढा करून पिणं हा तर फार धोक्याचा मार्ग. पाळी चुकली तर आशाताईकडून तपासणीची पट्टी घ्या आणि सरकारी दवाखान्यात जा. लाजून घरगुती काढे पिऊ नका.

विकायची असेल तर

ओल्या पाकळ्यांची टोपली वाळली की मूठभर होते. वेचायला वेळ फार लागतो. म्हणून आधी गिऱ्हाईक शोधा, मग वेचा. पहिल्या वर्षी घरापुरती आणि नमुन्यापुरती काढा. किती बायांनी किती तास वेचलं आणि वाळून किती भरली हे वहीत लिहा. त्यावरून मजुरी सुटते का ते कळेल. सुटत नसेल तर घरच्या शिऱ्यापुरतं ठेवा, त्यात काही वाईट नाही.

खाण्याची वस्तू पाकिटात भरून विकायची तर अन्नसुरक्षा खात्याची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते. पाकिटावर 'करडईच्या पाकळ्या' असं स्वच्छ लिहा, भरल्याची तारीख लिहा, 'गरोदर स्त्रियांनी घेऊ नये' हेही लिहा. साखर बरी होते, गुडघेदुखी जाते, असलं काही छापू नका. अन्नाच्या पाकिटावर रोग बरा करण्याचा दावा करायला कायद्यानं बंदी आहे.

आणि केशर म्हणून तर मुळीच विकू नका. करडईच्या पाकळ्या केशरात मिसळायची लबाडी फार जुनी आहे. तुम्हाला कुणी व्यापारी 'नाव नको, नुसता माल द्या' म्हणाला तर ओळखा. तो आपल्याकडून पाकळी घेईल आणि केशर म्हणून खपवील. बाजारात केशर घेतानाही फरक बघा. खरी केशराची काडी एका टोकाला तुतारीसारखी रुंद होत जाते आणि पाण्यात हळूहळू रंग सोडते. करडईचं फूल बारीक नळीसारखं असतं, टोकाला पाच बारीक फाटे असतात, आणि पाणी लगेच पिवळं होतं. वासाचा फरक तर नाकाला कळतोच.

ताटात येणारी आणखी फुलं

करडई ही रंगापुरती. पोटभर खायची फुलं वेगळी, आणि ती आपल्या आया-आज्यांना ठाऊक होतीच.

शेवग्याची फुलं: झाडाखाली स्वच्छ कापड अंथरा आणि सकाळी गळलेली ताजी फुलं घ्या. फांद्या ओरबाडू नका, नाहीतर शेंगा कमी येतील. मिठाच्या पाण्यात धुवा, थोडी वाफवून पाणी पिळून टाका म्हणजे कडसरपणा जातो. कांदा, लसूण, हिरवी मिरची परतून फुलं टाका आणि वरून बेसन पेरून वाफ द्या. ज्वारीच्या भाकरीबरोबर उत्तम लागते.

हादग्याची फुलं: पांढरी, मोठी, चंद्रकोरीसारखी. मधला दांडा काढून टाका, तो कडू असतो. भाजी करा किंवा भजी तळा.

भोपळ्याची फुलं: वेलावर नर आणि मादी अशी दोन फुलं असतात. मादी फुलामागं इवलासा भोपळा दिसतो, तिला हात लावू नका. लांब बारीक देठाची ती नरफुलं. तीही सगळी तोडू नका, परागासाठी काही ठेवा. बेसनात बुडवून तळा.

अंबाडीची बोंडं: लाल अंबाडीच्या फुलाखाली जी मांसल लाल वाटी राहते ती. सीमेपलीकडं तेलंगणात अंबाडीला गोंगुरा म्हणतात आणि तिच्याशिवाय त्यांचं जेवण होत नाही. पानं आपणही खातो, बोंडं मात्र टाकून देतो. बी काढून एक वाटी लाल पाकळ्या चार वाट्या पाण्यात दहा मिनिटं उकळा, गाळा, गूळ घाला. रंग बघून मुलं आपोआप पितात. आंबट असतं म्हणून स्टीलच्या पातेल्यात करा, अॅल्युमिनिअमच्या किंवा बिनकल्हईच्या पितळी भांड्यात नको. गरोदर बाईनं आणि रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्यांनी हे रोज घेऊ नये.

मोहाची फुलं: आपल्याच जिल्ह्यात किनवट-माहूरकडं उन्हाळा लागताना मोह गळतो. तिथल्या बाया पहाटे वेचतात आणि वाळवून ठेवतात. वाळलेली फुलं भाजून तिळाबरोबर कुटली की लाडू होतात, साखर घालावीच लागत नाही. मधुमेह असेल तर मात्र जपून.

गुलाब गुलकंदासाठी चालतो, पण दारातला गावठी. हाराचा आणि बाजारातला गुलाब, झेंडू, शेवंती खाऊ नका. ती फुलं दिसण्यासाठी पिकवलेली असतात, त्यांच्यावर फवारणी खूप होते.

ही फुलं तोंडात घालायची नाहीत

व्हिडिओत कुणीही कुठलंही फूल ताटात ठेवतं. आपण तसं करायचं नाही. लाल-पांढरी कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, यांचं पान, फूल, बी सगळं विषारी आहे आणि ते विष हृदयावर घाव घालतं. उकळून ते जात नाही. धोतरा, रुई, कळलावी, घाणेरी, सदाफुली हीही खायची नाहीत. यांतली बरीच आपण देवाला वाहतो, म्हणून ती घरात असतात आणि मुलांच्या हाताला लागतात. वाहिलेली फुलं मुलं खेळायला घेत असतील तर लक्ष ठेवा.

कुणी खाल्लंच तर मीठपाणी पाजून उलटी काढायच्या नादी लागू नका. 108 ला फोन करा, जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या, आणि जे खाल्लं त्याची डहाळी बरोबर घ्या. डॉक्टरांना ती बघून लवकर कळतं.

नियम थोडक्यात तीन. फूल पक्कं ओळखीचं हवं. त्यावर फवारणी झालेली नसावी. पहिल्यांदा खाताना थोडंसंच खायचं, आणि गरोदर बाईला न सांगता काही द्यायचं नाही.

पुढच्या बैठकीत गटातल्या सगळ्यात थोरल्या बाईला विचारा, तिच्या लहानपणी घरात कुठली फुलं शिजायची. ती सांगेल ते वहीत लिहून घ्या. कुठल्या बांधावर कुठलं झाड होतं, भाजी कशी करायची, सगळं लिहा. आणि यंदा करडई पेरताना दोन ओळी बिनफवारणीच्या ठेवा. जानेवारीत त्यांचा रंग भातात उतरला की मग बघू, गटानं पुढं काय करायचं ते.